लिफ्टचं दार थोडं थांबू द्या : आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

तळमजल्यावरच्या फलकावर लावलेली तुमची लिफ्टविषयीची नोटीस वाचली. सकाळी लिफ्टसाठी फार खोळंबावं लागतं, अशा तक्रारी आल्या म्हणून तुम्ही चार गोष्टी केल्यात. दोन्ही लिफ्टचं दार उघडं राहण्याचा वेळ ५ सेकंदांवरून २ सेकंदांवर आणला. सकाळी ८ ते ११ घरकामाच्या बायका, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीची मुलं यांनी फक्त मोठ्या लिफ्टनं जायचं, असा नियम केला. वीज वाचावी म्हणून दुपारी १ ते ४ मोठी लिफ्ट बंद ठेवली. आणि कुणी आत अडकलं तर मेकॅनिकची वाट बघायला नको, म्हणून बाहेरचं दार उघडायची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये टांगली.

यातला एकही निर्णय मला मान्य नाही. तोंडी बोलले तेव्हा उत्तर मिळालं, "काकू, बहुमतानं ठरलंय." म्हणून लिहिते आहे. आणि खुलं लिहिते आहे, कारण हे आपल्या एका सोसायटीपुरतं नाही. घोडबंदर रोडला, वाकडला, खारघरला राहणारे माझे नातेवाईक आणि जुने सहकारी असंच काहीबाही सांगतात. इमारती उंच होत गेल्या, लिफ्ट वेगवान झाल्या आणि लिफ्टपुढे उभ्या असलेल्या माणसाला मात्र धीर उरलेला नाही. त्या घाईची किंमत कोण देतं, ते समित्यांना दिसत नाही.

माझं यात काय अडलं आहे, ते आधी सांगते. माझ्या यजमानांना कंपवात आहे. या आजारात हात थरथरतात एवढंच लोकांना माहीत असतं. पण बऱ्याच रुग्णांचं पाऊल मध्येच थिजतं. मन म्हणतं पुढे जा, पाय जमिनीवरून उचलत नाही. आणि हे घडतं नेमकं दारात, उंबऱ्यावर, अरुंद जागेत, वळताना. घाई केली, कुणी मागून "चला, चला" म्हटलं, की आणखी घडतं. लिफ्टचं दार म्हणजे अशा माणसासाठी सगळ्यांत अवघड जागा. पूर्वीच्या ५ सेकंदांत आम्ही कसेबसे आत जायचो. आता त्यांचं एक पाऊल आत पडतं आणि दार मिटायला लागतं. ते दचकतात, तोल जातो. गेल्या आठवड्यात दार त्यांच्या वॉकरवर येऊन आदळलं. ते पडले नाहीत, पण त्या दिवसापासून खाली बागेत यायला नको म्हणतात. चालणं हेच ज्यांचं अर्धं औषध आहे, त्यांना तुमच्या नोटिशीनं घरात बसवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे मी लिफ्टच्या धंद्यातली आहे. निवृत्त होईपर्यंत मी लिफ्टच्या कंट्रोल पॅनलच्या टेस्टिंगमध्ये काम केलं. दार किती वेळ उघडं ठेवायचं, हे आकडे भरणं माझ्या रोजच्या कामाचा भाग होता. त्यामुळे तुमचा निर्णय निर्दय आहे, एवढंच मी म्हणत नाही. ज्यासाठी तो घेतला, ते कामही त्यानं होणार नाही, हेही मला दिसतं आहे.

सचिव म्हणाले, "दाराला सेन्सर आहे की, कुणाला लागणार नाही." सेन्सर आहे, बरोबर. दाराच्या दोन्ही कडांमधून अदृश्य किरणांचा एक पडदा जातो. त्या रेषेत काही आडवं आलं की दार परत उघडतं. पण तो पडदा फक्त रेषेतलंच बघतो. दोन पावलं अलीकडे वॉकर टेकत येणारी बाई त्याला दिसत नाही. तिच्यासाठी फक्त घड्याळ असतं, आणि तेच तुम्ही कापलंत. शिवाय दार फार वेळ अडून राहिलं, तर बऱ्याच लिफ्ट बझर वाजवत, सेन्सरकडे दुर्लक्ष करून, हळूहळू दार रेटायला लागतात. ज्याला आधीच धांदल झाली आहे, त्याला त्या बझरनं काय होत असेल, याचा विचार करा.

लिफ्टच्या दारासाठी आकडे लिहिलेले आहेत. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींमध्ये अपंगांसाठीच्या लिफ्टबद्दल म्हटलं आहे की, आपोआप मिटणारं दार कमीत कमी ५ सेकंद उघडं राहावं आणि मिटण्याचा वेग सेकंदाला ०.२५ मीटरपेक्षा जास्त नसावा. ही तरतूद मुख्यतः सार्वजनिक वापराच्या इमारतींसाठी आहे, हे मला ठाऊक आहे. पण सरकारी कचेरीत ज्या गुडघ्यांना ५ सेकंद लागतात, त्यांना घरी २ सेकंद पुरत नाहीत. अमेरिकेत १९९० साली अपंगांसाठी कायदा झाला आणि लिफ्टचं दार ठरावीक काळ उघडं राहणं सक्तीचं झालं. तिथल्या कित्येक लिफ्टमध्ये दार बंद करायचं बटण कितीही दाबलं तरी तो काळ संपेपर्यंत दार मिटत नाही. आपल्याकडे ते बटण चालतं, आणि आत शिरलेला माणूस मागे कोण येतंय हे न बघता आधी त्याच बटणाकडे हात नेतो.

आता वेळेचा हिशोब करू, कारण तुमची तक्रार वेळेची आहे.

आपली इमारत १८ मजल्यांची. सगळ्यांत वरून खालपर्यंत साधारण ५० मीटर. लिफ्टचा वेग सेकंदाला दीड मीटर. कुठेही न थांबता ती ३५ ते ४० सेकंदांत खाली येते. वेळ जातो तो थांब्यांत. प्रत्येक थांब्याला वेग उतरवायचा, दार उघडायचं, मिटायचं, पुन्हा वेग घ्यायचा. यातच ७-८ सेकंद जातात, आणि दार उघडं राहण्याचा वेळ त्यावर आणखी. सकाळी एका फेरीत ६ थांबे धरले, तर तुमच्या निर्णयानं जास्तीत जास्त १८ सेकंद वाचतात. तेवढेही वाचत नाहीत, कारण प्रत्येक माणूस आत शिरताना किरणांचा पडदा तुटतो आणि दाराचं घड्याळ पुन्हा सुरू होतं.

उलट एक निरर्थक थांबा टाळला, तर एका झटक्यात १२-१३ सेकंद वाचतात. आणि आपल्याकडे निरर्थक थांबे भरपूर होतात. बाहेर वर आणि खाली अशी दोन बटणं आहेत. खाली जायचं असेल तर खालचं दाबायचं, एवढंच. लोक दोन्ही दाबतात. त्यांना वाटतं, दोन्ही दाबली की लवकर येईल. होतं असं की वर जाणारी लिफ्ट त्यांच्यासाठी थांबते. मग एक तर ते आत येत नाहीत आणि लिफ्ट उगाच थांबलेली असते, किंवा आत शिरून वरपर्यंत जाऊन येतात आणि वरच्या माणसाची जागा अडवतात.  बटण पुन्हा पुन्हा दाबण्यानं तर काहीच होत नाही. दिवा लागला म्हणजे नोंद झाली. लिफ्टला हुकूम देणारा कंट्रोलर किती वेळा दाबलं ते मोजत नाही आणि कुणाला जास्त घाई आहे, हेही त्याला कळत नाही.

मग शेजाऱ्याशी बोलणं संपेपर्यंत पाय दारात ठेवणारे. मुलाची पाण्याची बाटली घरी राहिली म्हणून स्कूलबॅग दारात अडकवून परत जाणारे. मी कुणाचं नाव घेत नाही, सकाळी सगळ्यांचीच तारांबळ असते. पण ते एक मिनिट १२ मजल्यांवरचे लोक भरतात, आणि ते वसूल मात्र वॉकरवाल्यांकडून होतं.

ओव्हरलोडचंही तसंच. लिफ्टवर लिहिलेली माणसांची संख्या प्रत्येकी ६८ किलो धरून काढलेली असते. छोटी लिफ्ट ८ जणांची, म्हणजे ५४४ किलो. मोठी १३ जणांची, ८८४ किलो. हातातल्या पिशव्या, दप्तरं, पिठाचा डबा यांचंही वजन होतं, म्हणून सातव्या माणसालाच बझर वाजू शकतो. वाजला की शेवटी आलेल्यानं लगेच बाहेर यावं. आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहतो आणि लिफ्ट जागची हलत नाही. आणि जवळजवळ भरलेली लिफ्ट मधल्या मजल्यावर न थांबता पुढे गेली, की समितीकडे तक्रार जाते, "लिफ्ट आम्हाला सोडून जाते." ती बिघडलेली नसते. आत जागा नाही हे तिला वजनावरून कळतं आणि ती उगाच थांबून सगळ्यांचा वेळ घालवत नाही. हे फलकावर दोन ओळींत लिहून लावलं असतं, तर निम्म्या तक्रारी आल्याच नसत्या.

तुमच्या दुसऱ्या निर्णयाबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

आपल्या दोन लिफ्ट एकमेकींशी जोडलेल्या आहेत. बाहेरचं बटण दाबलं की कोणती लिफ्ट जवळ आहे, कोणती त्याच दिशेनं येते आहे, हे बघून कंट्रोलर त्यांतली एक पाठवतो. या जोडीमुळेच दोन लिफ्ट १८ मजल्यांना पुरतात. तुम्ही ८ ते ११ या सगळ्यांत गर्दीच्या वेळी ती जोडी तोडलीत. आता छोटी लिफ्ट रिकामी वर जात असते आणि मोठीसाठी तळमजल्यावर पंधरा बायका उभ्या असतात. किंवा मोठी रिकामी आणि छोटीपुढे रांग. थांबणं सगळ्यांचंच वाढलं. नोटीस लागल्यापासून सकाळची गर्दी कमी झालेली तुम्हाला कुठे दिसली?

आणि हिशोब बाजूला ठेवला, तरी हे चूकच आहे. आपल्याकडे येणाऱ्या बायका सकाळी तीन-चार घरं करतात. पहिल्या घरी दहा मिनिटं उशीर झाला की शेवटच्या घरापर्यंत तो उशीर सरकत जातो आणि प्रत्येक दारात त्यांना बोलून घ्यावं लागतं. डिलिव्हरीच्या मुलाला तर मोबाइलमधलं घड्याळ पळवत असतं. आपलीच ऑर्डर घेऊन तो आलेला असतो. ज्यांच्या हातचं आपण खातो, ज्यांच्याकडे आपली तान्ही मुलं सोपवतो, त्यांनी आपल्या शेजारी तीस सेकंद उभं राहू नये, असं आपण फलकावर छापून लावलं. माझ्या यजमानांना सकाळी आंघोळ घालायला मदत करणारे मामा छोट्या लिफ्टमधून आले म्हणून त्यांना वॉचमननं खाली उतरवलं. साठीच्या माणसाला, सगळ्यांसमोर. समितीच्या सदस्यांपैकी कुणाला हे करताना स्वतः तिथे उभं राहायला आवडलं असतं, असं मला वाटत नाही. मग आपल्या नावानं दुसऱ्याकडून ते करून घेऊ नका.

दुपारी मोठी लिफ्ट बंद ठेवण्याबद्दल थोडक्यात. यजमानांची चाकांची खुर्ची छोट्या लिफ्टमध्ये वळत नाही. स्ट्रेचर जाईल अशीही तीच एक लिफ्ट. दुपारी दोन वाजता कुणाला छातीत दुखायला लागलं, तर आधी वॉचमनला शोधून लिफ्ट चालू करायची का? वीज वाचते म्हणता, तर लिफ्टचं यंत्र कसं चालतं ते पाहा. केबिनच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारं वजन, असतं. त्याचं वजन केबिन आणि साधारण निम्म्या भाराइतकं ठेवतात. म्हणून एखाद-दुसरा माणूस घेऊन वर जाणाऱ्या लिफ्टला मोटर फारसं ओढत नाही, काउंटरवेटच खाली येताना तिला वर नेतं. दुपारच्या त्या तीन तासांत फेऱ्याही मोजक्याच होतात. खरोखर वीज वाचवायची असेल, तर लिफ्ट उभी असताना आतला पंखा आणि दिवे आपोआप बंद होण्याची सोय चालू करून घ्या.

आता किल्ली. चारही निर्णयांत मला सगळ्यांत जास्त भीती या निर्णयाची वाटते, आणि नोटिशीत त्यावर जेमतेम एक ओळ आहे.

मजल्यावरचं दार बाहेरून उघडायची ती तिकोनी किल्ली प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या हाती देणं जिवाशी खेळणं आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली असताना दार उघडलं आणि आतल्या माणसानं घाबरून उडी मारली, तर केबिनच्या खाली मोकळा शाफ्ट, म्हणजे लिफ्टची विहीर, असतो. लिफ्ट समोर आहे असं समजून उघड्या दारातून कुणी पाऊल टाकलं, तरी तेच. लिफ्टच्या अपघातांत माणसं मरतात ती बहुतेक वेळा अशी, दोर तुटून नव्हे. दोर तुटेल ही भीती सिनेमातून आलेली आहे. तीन किंवा जास्त दोरांच्या लिफ्टला भाराच्या किमान १२ पट ताकद राखावी लागते. त्यावर गव्हर्नर असतो, म्हणजे वेग मर्यादेबाहेर गेला की केबिनखालचे जबडे रेल पकडून तिला जागच्या जागी थांबवतात. दोर तुटला तरी केबिन पडू द्यायची नाही, ही कल्पना एलिशा ओटिसनं १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, स्वतः फळीवर उभं राहून, दोर कापायला लावून दाखवली होती. त्यानंतरच माणसं लिफ्टमध्ये बसायला तयार झाली. बंद केबिनमध्ये हवाही संपत नाही, तिला झरोके असतात. वीज गेली तर बॅटरीवरची रेस्क्यू यंत्रणा काही क्षण थांबून लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेते आणि दार उघडते. ते काही क्षण लोकांना धरवत नाहीत. ते दार रेटायला लागतात, आणि दाराचा संपर्क तुटला की लिफ्ट जागीच अडकून बसते. अडकलेल्या माणसाशी इंटरकॉमवर कुणीतरी शांतपणे बोलत राहणं आणि प्रशिक्षित माणूस येईपर्यंत त्याला आत बसवून ठेवणं, हीच खरी मदत. आपला इंटरकॉम बंद आहे. किल्लीऐवजी तो दुरुस्त करायला हवा होता.

मुंबई प्रांतात लिफ्टसाठी १९३९ साली कायदा झाला, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रानं नवा कायदा केला. लिफ्टला परवाना लागतो, तिची सरकारी निरीक्षकाकडून तपासणी होते. असं असताना दाराचा वेळ बदलायला समितीनं मेकॅनिकला तोंडी सांगितलं आणि लॉगबुकात, म्हणजे लिफ्टच्या नोंदवहीत, त्याची एक ओळही नाही. तो मुलगा बिचारा काय करणार? दिवसाकाठी त्याला कितीतरी सोसायट्या करायच्या असतात आणि कंत्राट टिकवायचं असतं. उद्या कुणी जखमी झालं, तर जबाबदारी कुणाची, हे तरी ठरवलं आहे का?

सर्वसाधारण सभेत काहींनी सुचवलं की मुंबईतल्या बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) टॉवरसारखी यंत्रणा घ्या, जिच्यात मजल्याचा आकडा बाहेरच दाबायचा आणि कोणत्या लिफ्टनं जायचं ते पडद्यावर येतं. चांगली यंत्रणा आहे, पण ती अनेक लिफ्ट असलेल्या कचेऱ्यांत उपयोगी. दोन लिफ्टच्या इमारतीत तिच्यावर लाखो रुपये घालून फारसा फरक पडणार नाही.

माझ्या मागण्या अशा.

दाराचा वेळ पुन्हा किमान ५ सेकंद करा. आपल्या कंट्रोलरमध्ये बाहेरच्या बोलावण्यासाठी आणि आतून दाबलेल्या मजल्यासाठी वेगवेगळा वेळ भरता येतो, आणि माणसं आत आल्यावर सेन्सरची रेषा मोकळी झाली की दार लवकर मिटेल अशीही सोय असते. बाहेर उभ्या माणसाला पूर्ण ५ सेकंद द्या, आणि सगळे आत आल्यावरचे रिकामे सेकंद वाचवा. धडधाकट माणसाची घाईही भागेल आणि वॉकरवाला बाहेर राहणार नाही. मिटण्याचा वेगही मोजून घ्या.

दोन्ही लिफ्ट सर्वांसाठी, सर्व वेळ, जोडीनं चालू ठेवा. घरकामगार आणि डिलिव्हरीसाठीचा नियम लेखी मागे घ्या आणि मामांची माफी मागा. सामान हलवायचं असेल, तर तेवढ्यापुरती मोठी लिफ्ट राखून ठेवायला माझी हरकत नाही.

सकाळी मोकळी झालेली लिफ्ट तळमजल्यावर न थांबता वरच्या मजल्यांजवळ जाऊन उभी राहील आणि संध्याकाळी खाली, अशी सेटिंग करून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. ज्या मजल्यांवरचे इंडिकेटर बंद पडले आहेत, ते दुरुस्त करा. लिफ्ट कुठे आहे हे दिसत नाही, तेव्हाच माणूस सगळ्यांत जास्त चिडतो आणि दोन्ही बटणं दाबत सुटतो.

किल्ली आजच्या आज वॉचमनकडून काढून घ्या. इंटरकॉम चालू करा. तातडीचा नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावा. सेटिंगमधला प्रत्येक बदल लॉगबुकात, तारीख आणि सहीसकट, लिहिला गेला पाहिजे.

आणि रहिवाशांकडे एक मागणी : ज्या दिशेला जायचं आहे तेवढंच बटण दाबा, आणि दार बंद करायच्या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी बाहेर एकदा बघा.

समितीची पुढची बैठक येत्या रविवारी आहे. हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावं. कंट्रोलरमध्ये कोणता आकडा कुठे भरायचा, त्याचा तक्ता मी तयार करून आणते. मेकॅनिकलाही त्याच वेळी बोलवा, म्हणजे बदल तिथल्या तिथे करून घेता येतील. निर्णय काय झाला, ते नोटिशीसारखंच फलकावर लावावं.

आपली,
१४ व्या मजल्यावरची एक सभासद